मुका मार

सिमेंटचा पोपडा एका झटक्यात निघाला आणि त्याखाली अक्षरं दिसली. मी छिन्नी खाली ठेवली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. अक्षरं तिथंच होती. दुपारचे बारा वाजले असतील. बीडच्या पेठेतल्या माझ्या दुकानापुढून टँकर चालले होते, एकामागं एक, आणि प्रत्येक टँकर गेला की वरचा पत्रा थरथरायचा. दगड ओळखीचा होता. त्र्याऐंशी साली, म्हणजे तीस वर्षांपूर्वी, मीच त्यावर नावं कोरली होती. दूध संघाच्या इमारतीची कोनशिला. पुढच्या बाजूला त्या वेळचे चेअरमन, त्यांच्या खाली संचालक, सगळ्यात खाली तारीख. आता संघ दुसऱ्या गटाकडं गेला, इमारतीवर मजला चढला, आणि नव्या चेअरमननी जुना दगड भिंतीतून काढून माझ्याकडं पाठवला. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. एवढा जाड मकराना संगमरवर आता मिळत नाही. म्हणून जुनी बाजू भिंतीकडं करायची, मागची बाजू घासायची आणि तिच्यावर नवी नावं घालायची. संघाचे सेक्रेटरी उत्तरेश्वर सकाळी दगडाबरोबर टेम्पोत बसून आले होते. दगड उतरवताना म्हणाले, "मामा, जुन्या सायबाला भिताडाकडं तोंड करून उभं करायचं. शाळंत करत्यात तसं." टेम्पोवाला खाजामियाँ माझ्याच वयाचा, माझे दगड तो तीस वर्षं वाहतोय. तो म्हणाला, "अन् पुढच्या विलेक्शनला काय करता? दगडाला तिसरी बाजू न्हाई." सगळे हसले, मीही हसलो. कार्यक्रम सोमवारी सकाळी होता. आज शनिवार. ते गेल्यावर मी मागचं सिमेंट काढायला बसलो, आणि हे निघालं.

'मा. सत्यभामा धुळाजी यांचे शुभहस्ते.' त्याखाली 'दि.' आणि पुढं काही नाही. मला आधी हसू आलं. ते वाईट होतं, पण आलं. धुळाजी म्हणजे मी. सत्यभामा आमची मुलगी. बाहत्तरच्या दुष्काळात गेली, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दीड वर्षाची होऊन. तिनं कशाचं उद्घाटन केलं? नीट उभीसुद्धा राहत नव्हती, धरून चालायची. पण मी आयुष्यभर ज्यांची नावं कोरली त्या प्रत्येकाच्या आधी 'मा.' होतं आणि नंतर 'यांचे शुभहस्ते' होतं. दगडावर नाव असंच घालतात असं ज्या माणसाला वाटलं, त्यानं दुसरं काही कधी वाचलंच नव्हतं. असं माणूस माझ्या घरात एकच होतं. वच्छला, माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झालेत. ती अंगठा करायची. मी कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरायचं काम तिचं. रंग भरायचा, वाळू द्यायचा, वरचा घासून काढायचा. हजार वेळा तिचं बोट त्या अक्षरांतून फिरलं असेल. ती वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही. एकदा मात्र गेवराईकडच्या एका सोसायटीचा दगड घासताना तिनं मला हाक मारून एका अक्षरावर बोट ठेवलं आणि 'हितं एक रेघ कमी हाय' म्हणाली. खरंच वेलांटी राहिली होती. मी म्हणालो, तुला काय कळतं. रेघ मारून दिली आणि विसरून गेलो. आता ते आठवलं.

अक्षरं तिचीच, हे ओळखायला नावाचीही गरज नव्हती. छिन्नी उभी धरलेली होती. वच्छला टाकारी घरातली. तिची आई, आजी गावोगाव फिरून बायांच्या जात्यांना टाकी लावायच्या, म्हणजे गुळगुळीत झालेलं जातं ठोकून पुन्हा खरबरीत करून द्यायच्या. लग्नाआधी तीही फिरायची. जातं काळ्या दगडाचं. काळ्या दगडावर टाकी उभी धरावी लागते, सरळ, आणि घाव नेमका द्यावा लागतो. दगड खणकन वाजतो, ठिणगी पडते, कपची काचेसारखी उडते आणि तिथंच विषय संपतो. घावाच्या शेजारचा दगड जसा होता तसाच राहतो. पांढऱ्या दगडाचं तसं नाही. त्याच्यावर छिन्नी आडवी कलती धरायची, थोडं थोडं खरवडत न्यायचं. उभा घाव दिला तर वरून टवका लहानच निघतो, पण आत दगड दुखावतो. खाली दूरपर्यंत एक धुरकट पांढरा डाग जातो. आमच्या धंद्यात त्याला मुका मार म्हणतात. नव्या कारागिराची ती पहिली चूक असते आणि मालक त्यासाठी कान धरतो. वच्छलाच्या प्रत्येक अक्षराच्या कडेला तसा डाग होता. तिनं संगमरवराला जात्यासारखी टाकी लावली होती.

दोन दगडांतला हा फरक मला हातानं ठाऊक होता, पण तो कशामुळं हे एका साहेबानं सांगितलं होतं. भूजलचे साहेब. दुष्काळात विहिरींना पाणी का लागत नाही ते बघत फिरायचे. एका अर्धवट खणलेल्या विहिरीत मी सुरुंगाची भोकं पाडत होतो आणि ते दोराला धरून खाली आले. भिंतीवरचा काळा थर, त्याखाली तांबडा पट्टा, पुन्हा काळा थर, असं मला बोटानं दाखवलं. हे सगळं एकदा रस होतं म्हणाले, गुऱ्हाळाच्या काहिलीतल्या रसासारखं. जमिनीतून वर आलं, पसरलं, थिजलं. मग पुन्हा आलं. त्यात बुडबुडे होते, त्यांची ही भोकं राहिली. एकदा थिजल्यावर हा काळा दगड बदलत नाही, उन्हापावसात झिजून मुरूम होतो तेवढंच. मी विचारलं, मग संगमरवर? ते म्हणाले की तो आपल्याकडं नसतोच. तो आधी दुसराच दगड होता, चुन्याचा. जमिनीत खोल गाडला गेला, वरून भार आला, खालून आच लागली. पण तो वितळला नाही. घट्टच राहिला आणि आतल्या आत बदलला, कण न् कण. त्याच्यात आधीचं काही ओळखू येत नाही. मी विचारलं, दोघांत पक्का कोणता? साहेब हसले आणि असं विचारत नसतात म्हणाले. मला वाटलं त्यांना माहीत नसावं. पुढं कित्येक वर्षं मी ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचो, माझीच असल्यासारखी, आणि शेवटी म्हणायचो, आमची बाई काळा पाषाण हाय. ती तिथंच बसून घासत असायची. पोरगी गेली तेव्हा रडली न्हाई, असंही मी कौतुकानं सांगायचो. मान वर करून ती कधी बघायची नाही.

गेल्या वर्षी तिला दम लागायला लागला तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फुप्फुसात धूळ बसलीय म्हणाले. काय काम करायची विचारलं. मी म्हणालो दगडाचं. त्यांना तेवढं पुरलं. मला पुरेना. मी विचारलं, काळ्या दगडाची धूळ की पांढऱ्या? म्हणजे दुष्काळात दोन वर्षं खडी फोडली तेव्हाची, की माझ्या दुकानात तीस-पस्तीस वर्षं घासलं तेव्हाची? डॉक्टर फोटो उजेडाकडं धरून म्हणाले, "आजोबा, फोटोत सगळी धूळ पांढरीच दिसते." वच्छला स्टुलावर बसली होती. माझ्याकडं बघून तिनं पदर तोंडावर धरला, खोकण्यासाठी की हसण्यासाठी ते कळलं नाही. त्यानंतर ती गेली तरी माझ्या डोक्यातून तो प्रश्न जात नाही. काळी असेल तर ती सरकारची, दुष्काळाची. पांढरी असेल तर माझी. भाकरी खाताना मधेच घास थांबतो आणि मी मनात दोन ढीग करतो, एक काळा, एक पांढरा. अमकं साल इकडं, अमकं साल तिकडं. मुलगा बंकट पुण्याला असतो. त्याला हे बोललो तर तो म्हणेल इकडं या, राहायला या. म्हणून बोलत नाही.

खडीकेंद्रावर आम्ही दोघंही होतो. मी तेव्हा जाती घडवायचो, पण दुष्काळात जातं कोण घेणार, दळायलाच काही नव्हतं. आमच्या गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचं काम निघालं होतं. शे-दोनशे बाया उन्हात रांगेनं बसून काळा दगड फोडायच्या, पोरं बाभळीच्या सावलीला टाकलेली, दुपारी सुकडी वाटायचे. उन्हाळ्याच्या शेवटी पुढारी येणार म्हणून ठरलं आणि कोनशिला पाहिजे झाली. संगमरवर मोठ्या शहरातून आला, कोरणारा आला नाही. कोणीतरी सांगितलं धुळाजी पाथरवट अक्षरं घालतो. मी फक्त देवळाच्या पायरीवर चार नावं घातली होती. पण मला साहेबांच्या तंबूत, सावलीत बसायला मिळालं, बाजेवर दगड, हाताशी पाण्याची घागर, आणि इंजिनिअर स्वतः येऊन धुळाजीराव म्हणून गेले. पांढऱ्या दगडाला मी पहिल्यांदा हात लावत होतो. तो थंड होता. बाहेर सगळं भाजत होतं आणि तो दगड पाण्यात ठेवल्यासारखा थंड होता, त्यावर हात ठेवून बसावंसं वाटत होतं. सत्यभामेला आदल्या दिवसापासून हगवण लागली होती. दुपारी वच्छला स्वतः आली. तंबूच्या तोंडाशी उभी राहिली, आत आली नाही, कारण आत साहेबांच्या खुर्च्या होत्या. पोरगी कडेवर होती, मान खांद्यावर पडलेली. "लई गळून गेली. तालुक्याला न्यावं लागतंय," एवढंच म्हणाली. ट्रक खडी टाकून निघालाच होता, पुरुष माणूस बरोबर असता तर ड्रायव्हरनं बसवलं असतं. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी होता. मी तिच्याकडं बघितलं, मग दगडाकडं. मी म्हणालो, "दोन ओळी राहिल्यात." तिनं पोरगी दुसऱ्या कडेवर घेतली. मग गेली. ओळी पुऱ्या व्हायला दिवस मावळला. बाहेर आलो तेव्हा बाया उठून उभ्या होत्या आणि हातोड्यांचा आवाज बंद होता. तारीख कोणती होती ते त्या गडबडीत मी लक्षात ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशीची ठेवली, कारण ती कोरली होती.

ती मला त्यावर कधी काही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते चाळीस वर्षं तयारच राहिलं. त्र्याऐंशी साली हा दूध संघाचा दगड कोरून झाल्यावर मी दोन दिवस माजलगावला एका कामाचं माप घ्यायला गेलतो. दगड पेंढ्यात आणि पोत्यात बांधायचं काम नेहमीप्रमाणं तिच्यावर टाकून. तेव्हाच हे केलं असणार. आलो तेव्हा गठ्ठा शिवलेला होता आणि ती चुलीपुढं होती. तिनं हाच दगड का घेतला? मोठा होता म्हणून? पाठ कोरी होती म्हणून? की मी दोन रात्री घरी नव्हतो एवढंच? आणि मग ती तीस वर्षं गावात जाता-येता, बाजाराला, दवाखान्याला, त्या इमारतीवरून जायची. एस.टी. तिथं थांबते. ती खिडकीकडची जागा मागायची. मी म्हणायचो ऊन लागतं तिकडून. ती म्हणायची लागू द्या.

दोन वाजता फोन वाजला. उत्तरेश्वर. पाहुणे वाढलेत, दोन नावं जास्त घालायचीत, अक्षर बारीक करा म्हणाले. संघात दूध नाही, जनावरं सगळी छावणीत, पण कार्यक्रमाला मंडप मोठा टाकलाय हेही सांगितलं. मग विचारलं, "किती झालं मामा?" मी दगडाकडं पाहत होतो. त्याला तडा गेलाय, असं म्हणता आलं असतं. मी तसं म्हणणार होतो. तोंडात शब्द आला होता. तडा गेलेला दगड कोणी परत मागत नाही, तो माझ्याकडं राहिला असता, दुकानात, नाहीतर घरी तिच्या पाट्याशेजारी. मग बंकट आला की विचारणार, हे काय? खाजामियाँ तर रोजच येतो, तो विचारणार, भाभीनं हे कवा कोरलं, कावून कोरलं? सत्यभामा कोण हे सांगावं लागणार. मग ती कशानं गेली. मग मी कुठं होतो. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं, आणि मी फोनमध्ये म्हणालो, "सिमेंट निघालं. आता घासायला घेतो." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती.

मी खरंच घासायला घेतलं. असं माणूस कसं करतं ते मला सांगता येणार नाही. हात करत होते. टँकरचं एक पिंप खाजामियाँनं आणून दिलं, पाणी जपून वापर म्हणाला, उद्या येणार नाही. मी त्याला दगडाजवळ येऊ दिलं नाही, धूळ उडते म्हणालो, तर तो म्हणाला आजवर काय अत्तर उडत होतं? आणि गेला. आधी मशीन लावलं. 'दि.' पहिल्यांदा गेलं, ते सगळ्यात उथळ होतं. मग 'शुभहस्ते'. पांढरा गाळ माझ्या पायावरून गटाराकडं वाहत होता आणि मी नाकाला फडकं बांधलेलं नाही हे मधेच लक्षात आलं. बांधलं नाही. नावाशी आलो तेव्हा मशीन बंद केलं. वाटलं, एवढं तरी हातानं करावं. वच्छलाचा घासायचा दगड खिळ्याच्या डब्यात होता. त्याला तिच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. माझा अंगठा त्यात बसेना, मोठा पडला. तो तसाच धरून मी 'सत्यभामा' घासलं. एक तास लागला असेल. सरळ नाव नाही ते, काने आहेत, जोडाक्षर आहे त्यात, तिनं ते कसं जमवलं असेल, कुठल्या 'सत्य'नारायणाच्या, 'सत्या'च्या दगडावरून उचललं असेल, असलं काहीतरी डोक्यात फिरत होतं. शेवटी बोट फिरवलं तेव्हा कुठं काही लागलं नाही. सपाट. थंड. मला एवढं हलकं वाटलं की मी घाबरलो.

पाचच्या सुमाराला उत्तरेश्वर मोटारसायकलवर आले. मी नुकतं पाणी ओतलं होतं, दगड ओला होता, आरशासारखा. त्यांनी वाकून आपले केस बघितले. म्हणाले, "नवा केला की मामा. एक डाग न्हाई." वाढलेल्या दोन नावांचा कागद दिला, चहा नको म्हणाले आणि गेले. मी ओट्यावर बसलो. ऊन उतरत होतं, वारा कोरडा होता. या वर्षी ओलं काही टिकत नाही. धोतर दोरीवर टाकलं की वाळतं. दगडही कडेकडून वाळत आत चालला होता, आणि जिथं जिथं वाळत होता तिथं तिथं काहीतरी वर येत होतं. मला वाटलं चष्म्यावर गाळ आहे. चष्मा काढला. मग गुडघ्यावर बसून दगडाला डोळा लावला.

मुका मार खोल जातो, हे मला वच्छलाला कधी सांगावं लागलं नव्हतं, कारण तिच्या हातात मी कधी छिन्नी दिलीच नव्हती. कोरलेलं घासून जातं. मार जात नाही. तो वरच्या अक्षरापेक्षा कितीतरी खाली उतरलेला असतो, आणि जितकं घासावं, जितकी चकाकी आणावी, तितका उठून दिसतो. दगड पुरता वाळला तेव्हा पांढऱ्यात पांढरं नाव उभं होतं, धुरकट, कडा फुटलेलं, वाफेनं काढल्यासारखं. 'मा.' सुद्धा होतं. मशीननं मी आधी घालवलेलं 'शुभहस्ते' होतं. 'दि.' मात्र हलकंसं, असल्या-नसल्यासारखं. मी बोट फिरवलं. बोटाला काही लागत नव्हतं. तांब्याभर पाणी टाकलं, नाव गेलं. फडक्यानं टिपलं, वारा घातला, परत आलं. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. पिंपातलं पाणी निम्म्यावर आलं तेव्हा थांबलो.

आणखी घासलं तर दगड पातळ होईल, कोनाड्यात बसणार नाही. दुसरा दगड सोमवारपर्यंत येत नाही. हे मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण मी आणखी घासणार नव्हतो. कागद उघडला आणि चेअरमनचं नाव, पाहुण्यांची नावं, वाढलेली दोन नावं अशी पेन्सिलीनं मांडून पाहिली. ओळी थोड्या वर घेतल्या, थोड्या खाली घेतल्या. मधे एका ओळीची जागा मोकळी राहते. कोणी विचारलं तर म्हणायचं, अक्षर बारीक केलं म्हणून राहिली.

सोमवारी मीही जाणार आहे. ओलं फडकं घेऊन दगडाशेजारी उभा राहीन. पडदा सरकवायच्या आधी एकदा पुसून देईन, म्हणजे सगळ्यांना स्वच्छ दिसेल. मग भाषणं सुरू होतील. चेअरमन लांब बोलतात. दगड वाळायला किती वेळ लागतो ते मी आज पाहिलंय, अकराच्या उन्हात त्याहून लवकर वाळेल.

आता छिन्नी घेतो. उजेड आहे तोवर दोन ओळी होतील.